सातारा-सांगलीतली कला आणि छायाचित्र प्रदर्शनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात किंवा सांगलीत कुठलं प्रदर्शन लागलं की ओळखीच्या मंडळींना कळवायचं, असा माझा शिरस्ता आहे. त्यातून उलट येणारे प्रश्न बरेचसे तेच ते असतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सध्या आपल्याकडे कुठलं प्रदर्शन सुरू आहे?

याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. संग्रहालयांची कायमची दालनं वर्षभर उघडी असतात. ती आजही बघता येतील, पुढच्या महिन्यातही. बदलती प्रदर्शनं मात्र तीन दिवस, फार तर आठवडाभर चालतात. ही चित्रकारांची, छायाचित्रकारांची किंवा कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं. त्यांच्या तारखा इथे लिहिल्या तर तुम्ही वाचेपर्यंत भिंती रिकाम्या झालेल्या असतील. त्यासाठी वर्तमानपत्रांच्या सातारा आणि सांगली पुरवण्यांतली ‘आजचे कार्यक्रम’ची चौकट आणि कला महाविद्यालयांचे सूचनाफलक हे सगळ्यात भरवशाचे.

काही दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा : १८ एप्रिल (जागतिक वारसा दिन), १८ मे (आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन), १९ ऑगस्ट (जागतिक छायाचित्रण दिन) आणि १९ ते २५ नोव्हेंबरचा वारसा सप्ताह. छोटी प्रदर्शनं बहुधा याच सुमारास लागतात.

२. कायमची दालनं म्हणजे नेमकी कुठली?

सातारा शहरात बसस्थानकाजवळचं छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, खटाव तालुक्यात औंधचं श्री भवानी संग्रहालय आणि सांगलीचं शासकीय संग्रहालय. तिन्ही राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. साताऱ्याच्या संग्रहालयाचा भर मराठेशाहीतल्या वस्तूंवर आणि शस्त्रांवर आहे. चित्र आणि शिल्प बघायचं असेल तर औंध (प्रश्न ४).

याखेरीज काही स्मारकं आहेत. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात सावित्रीबाई फुले यांचं जन्मघर जपलेलं आहे. कराडला यशवंतराव चव्हाणांचं ‘विरंगुळा’ हे घर आहे. कलादालन म्हणून कुणी तिथे जात नाही, पण एखाद्या माणसाचं आयुष्य कसं मांडलं जातं हे बघायला दोन्ही ठिकाणी जरूर जावं.

३. सुट्टी काढून गेलो तर कुलूप होतं. असं का?

बहुतेक वेळा तो सोमवार असतो. सरकारी संग्रहालयं रविवारी उघडी असतात आणि सोमवारी बंद. सार्वजनिक सुट्ट्यांचा नियम ठिकाणाप्रमाणे बदलतो आणि दालनांचं काम निघालं की एखादा भाग मधेच बंद ठेवतात. लांबून येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा. संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचून ‘पटकन बघून घेऊ’ असं ठरवू नका. तिकीट मिळालं तरी बघणं होत नाही.

४. औंध औंध म्हणता, तिथे एवढं आहे काय?

औंध हे पंतप्रतिनिधींचं छोटं संस्थान. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव, म्हणजे बाळासाहेब, १९०९ साली गादीवर आले. बहुतेकांना ते सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून माहीत आहेत. पण ते स्वतः चित्रकार होते. रामायणावर त्यांनी चित्रमालिका रंगवली, अजिंठा आणि वेरूळचा अभ्यास केला, चित्रकारांना पदरी ठेवलं. वेदांचे अभ्यासक म्हणून गाजलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातून तयार झालेले चित्रकार होते आणि त्यांची अनेक वर्षं औंधात गेली.

बाळासाहेबांनी आयुष्यभर जमवलेला हा संग्रह १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारून सगळ्यांसाठी खुला केला. त्याच सुमारास, गांधीजींच्या सल्ल्याने, त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचा प्रयोगही सुरू केला. संग्रह लोकांसाठी उघडणं आणि सत्ता लोकांच्या हाती देणं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने जवळजवळ एकाच वेळी केल्या. तिथल्या दालनांतून फिरताना मला हे सारखं आठवत राहतं.

आता आत काय आहे. राजा रविवर्मा आहेत, एम. व्ही. धुरंधर आहेत, कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आहेत, पंडितजींचे चिरंजीव माधव सातवळेकर आहेत. जुनी लघुचित्रं, बंगाल शैलीतली चित्रं, हस्तिदंतावरचं आणि लाकडावरचं कोरीवकाम आहे. युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या आणि शिल्पांच्या प्रतिकृती आहेत. आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे दगडी शिल्प आहे. मूर हा विसाव्या शतकातला जगभर नावाजलेला शिल्पकार. त्याचं काम बघायला लोक लंडनला जातात, आणि आपल्या खटाव तालुक्यात ते एका डोंगरावर आहे. साताऱ्यात जन्म काढलेल्या कितीतरी माणसांना हे ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे पान लिहायला घेतलं तेही मुख्यतः त्यासाठीच.

५. औंध सातारा जिल्ह्यात. सांगलीकरांचा त्याच्याशी काय संबंध?

बराच आहे. औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला होता. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी आणि कुंडल त्याच संस्थानात. कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली ती औंधकरांनीच, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे लक्ष्मणरावही मुळात चित्रकला शिकायला जे. जे. कला विद्यालयात गेले होते. रंग ओळखण्यात दोष आहे असं कळल्यावर त्यांनी चित्रकला सोडली आणि यांत्रिक रेखाटनाकडे वळले.

शिवाय जिल्हे वेगळे झाले ते नंतर. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ असा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. तेव्हा औंधचा संग्रह विट्याच्या, आटपाडीच्या, पलूसच्या माणसाचाही आहे.

६. औंधला कसं जायचं? आई-वडिलांना नेता येईल का?

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे रस्ता आहे, अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रेल्वेने यायचं तर रहिमतपूर स्टेशन जवळचं. सांगलीकडून विट्यावरून जाता येतं. संग्रहालय मूळपीठाच्या, म्हणजे यमाईच्या डोंगरावर, देवळाच्या वाटेवर आहे. पायऱ्या आहेत, पण गाडीरस्ताही आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना अडचण येत नाही. पौष महिन्यात यमाईच्या यात्रेच्या दिवसांत गर्दी फार असते. देवीसाठी खुशाल जा, चित्रांसाठी दुसरा दिवस निवडा. सकाळी दहा-साडेदहाला आत शिराल असं बघा आणि किमान दोन तास हाताशी ठेवा.

७. तिथली युरोपीय चित्रं तर नकला आहेत. मग बघायची कशाला?

हा प्रश्न चिडून विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो. त्या काळात परदेशी जाऊन मूळ चित्र बघणं इथल्या विद्यार्थ्याला शक्य नव्हतं. रंगीत छपाईची पुस्तकं दुर्मीळ आणि महाग. अशा वेळी चांगल्या हाताने केलेली पूर्ण आकाराची प्रतिकृती हेच शिकण्याचं साधन. कुणाची फसवणूक करावी असा त्यात हेतू नव्हता. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृतीही त्या पिढीने अशाच तळमळीने केल्या.

बघताना एक करा. प्रतिकृतीसमोर पाच मिनिटं थांबा आणि मग लगेच धुरंधरांच्या किंवा रविवर्म्यांच्या मूळ चित्रासमोर जा. कुंचल्याचा फटकारा कुठे बिचकत चालला आहे आणि कुठे मोकळा सुटला आहे, हे डोळ्यांना आपोआप दिसायला लागतं.

८. वाघनखं साताऱ्यातच आहेत ना? आणि ती खरी आहेत का?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीवर आलेली वाघनखं जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या संग्रहालयात होती. साताऱ्याचा मुक्काम संपल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात गेली. केवळ तेवढ्यासाठी साताऱ्याला येत असाल तर आधी चौकशी करा. बाकीची दालनं मात्र जागेवर आहेत आणि तीही बघण्यासारखी आहेत.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. अफझलखानाच्या भेटीत, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजी, महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, असं खात्रीने सांगता येत नाही, असं खुद्द लंडनचं संग्रहालय म्हणतं. ही वस्तू जेम्स ग्रँट डफ याच्या वंशजांकडून तिथे गेली. डफ १८१८ नंतर साताऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी होता. सोबतच्या पेटीवरच्या मजकुरात, पेशव्यांच्या प्रधानाने ती डफला दिली असं म्हटलं आहे. त्याच मजकुरात मारला गेलेला सरदार ‘मोगल’ असल्याचं लिहिलंय. अफझलखान आदिलशाहीचा होता. म्हणजे पेटीवरचा मजकूर लिहिणाराच पुरता माहितगार नव्हता. ज्याला इतिहास प्रिय आहे त्याने हे माहीत असूनच ती वस्तू बघावी. जुन्या लोहारकामाचा तो एक अस्सल नमुना आहे, आणि प्रतापगडचा पराक्रम सिद्ध करायला या पेटीची गरज नाही.

९. मला चित्रातलं काही कळत नाही. जाऊन काय करू?

जा. सगळी चित्रं बघायची असा हट्ट धरू नका. पूर्ण दालनातून एक चक्कर मारा, ज्या चित्रापाशी पाय थांबतील त्याच्याकडे परत या आणि तिथे बसा किंवा उभे राहा. उजेड कुठून येतोय, चित्रातला माणूस कुणाकडे बघतोय, नऊवारीच्या निऱ्यांवर रंग किती वेळा बदललाय, एवढंच शोधा. पाटी नंतर वाचा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना कागद-पेन्सिल द्या आणि एकच वस्तू रेखाटायला सांगा. ती मोठ्यांपेक्षा जास्त वेळ बघतात. (रंग आत नेऊ नका.)

१०. आत मोबाइलवर फोटो काढू देतात का? फ्लॅशला एवढा विरोध का?

परवानगी दालनागणिक वेगळी असते. तिकीट खिडकीवरच विचारा, वाद होत नाही.

फ्लॅश मात्र कुठेही नको. प्रकाशाने रंग उडतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. जलरंग, लघुचित्रं, जुने फोटो या नाजूक वस्तूंवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासच उजेड ठेवावा, तैलरंगांवर २०० लक्सपर्यंत, असा संग्रहालयशास्त्रातला संकेत आहे. म्हणून काही दालनं अंधारी वाटतात. ती मुद्दाम तशी ठेवलेली असतात. दोन मिनिटं थांबलं की डोळे सरावतात. त्यातून चित्र काचेआड असलं तर फ्लॅशमुळे फोटोत काचेवरचा पांढरा डागच तेवढा येतो.

११. काढलेला फोटो पुस्तकात किंवा दिनदर्शिकेत छापला तर चालेल?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक संग्रहालयाचा नियम. घरी ठेवायला फोटो काढण्याची मुभा आणि छापण्याची परवानगी या निराळ्या गोष्टी आहेत. छापायचं असेल तर लेखी अर्ज करावा.

दुसरी कायद्याची. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या कामावर स्वामित्वहक्क राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, धुरंधर १९४४ मध्ये, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचा हक्क संपलेला आहे. माधव सातवळेकर २००६ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवर तो आहे. हेन्री मूर १९८६ मध्ये गेला, त्याच्या कामावरही तो आहे. पण लोकांना प्रवेश असलेल्या जागी कायमचं ठेवलेलं शिल्प असेल, तर त्याचा फोटो घेऊन छापायला आपल्या कायद्यात मोकळीक आहे. ही सूट शिल्पाला आहे, भिंतीवरच्या चित्राला नाही. आणि संग्रहालयाचा स्वतःचा नियम यातल्या प्रत्येक बाबतीत उरतोच.

१२. आमच्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी आहे. किती किंमत येईल?

बहुधा ते छापील चित्र आहे, म्हणजे ओलिओग्राफ. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती गावोगावच्या घरांत पोचल्या. भिंग घेऊन बघा : बारीक ठिपके दिसले तर छपाई. खालच्या कडेला छापखान्याचं नाव सापडू शकतं. काही चित्रांवर बायकांनी हौसेने जरी आणि टिकल्या लावलेल्या असतात. त्या काढू नका, तो त्या चित्राचाच इतिहास आहे. किमतीचं सांगायचं तर छपाई किती जुनी आणि चित्र किती धड, यावर सगळं अवलंबून. चौकट बदलण्याआधी जाणकाराला दाखवा, ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका.

१३. आणि मूळ तैलचित्रच निघालं तर?

मग १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. शंभर वर्षांहून जुनं चित्र म्हणजे पुरावस्तू. ते घरात ठेवायला बंदी नाही, पण त्याची नोंदणी करावी लागते. देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनही नाही. रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस अशा काही चित्रकारांच्या मूळ कामाला ‘कलानिधी’चा दर्जा आहे, त्यामुळे तेही बाहेर नेता येत नाही. कुणी परदेशातला गिऱ्हाईक दाखवून घाई करत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

१४. जुन्या वाड्यांतली भिंतीवरची चित्रं बघायची आहेत. कुठे जावं?

वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यात. वाडा खासगी आहे, तेव्हा विचारून आणि चपला काढून आत जावं. भिंतीला हात लावू नये, पाठ टेकून फोटो काढू नये. घामानेही तो रंग सुटतो. घाटावर उतरलात तर वसईच्या मोहिमेतून आलेली मोठी घंटा दिसेल.

१५. मला माझे फोटो प्रदर्शनात द्यायचे आहेत. मोबाइलवर काढलेले चालतात का?

चालतात, पण छपाईचं गणित समजून घ्या. जवळून बघण्याच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे १३ बाय १० इंचांपर्यंत उत्तम. २०० वर भागवलं तर २० बाय १५ इंच. त्याहून मोठं केलं की पानं आणि केस चिखलासारखे दिसतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल आकसते; मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मॅट कागद घ्या, आपल्याकडच्या सभागृहांतल्या ट्यूबलाइटखाली चकचकीत कागदावर बघणाऱ्यालाच स्वतःचं तोंड दिसतं.

फोटो थोडे द्या. चाळीसपैकी बारा निवडणं हेच खरं काम असतं.

१६. कासची फुलं आणि किल्ले सोडून काही दिसतच नाही. परीक्षकांना काय आवडतं?

परीक्षकांचं मला सांगता येणार नाही, पण बघणारा म्हणून सांगतो. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, प्रतापगड २०२५ मध्ये इतर अकरा किल्ल्यांबरोबर आला. त्यामुळे त्यांचे फोटो येतच राहणार आणि यावेतही. फक्त फुलांत झोपून, कुंपण ओलांडून काढलेला फोटो आयोजकांनी नाकारावा असं माझं स्पष्ट मत आहे. ड्रोनसाठी संबंधित खात्याची परवानगी लागते, ती नसेल तर फोटो देऊ नका. आणि मिरजेचे तंबोरे घडवणारे हात, सांगलीच्या बाजारातली हळद, आयर्विन पुलाखालची उन्हाळ्यातली कृष्णा, खंबाटकीतला पहाटेचा चहा, हे विषय अजून जवळजवळ कोरे पडलेत.

१७. आजोबांच्या लग्नातले स्टुडिओचे फोटो प्रदर्शनाला द्यायचे आहेत. हक्क स्टुडिओचा की आमचा?

पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे तुमच्या घरचा. तरी पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असेल तर नाव पाटीवर जरूर लिहा. गावोगावच्या स्टुडिओवाल्यांचा इतिहास फक्त त्या शिक्क्यांतच उरला आहे. मूळ प्रत देऊ नका, स्कॅन करून प्रिंट द्या.

१८. चित्राखाली लाल टिकली होती. म्हणजे काय?

ते विकलं गेलं. तरी प्रदर्शन संपेपर्यंत ते भिंतीवरच राहतं.

१९. २०१९ च्या पुरात भिजलेले फोटो आहेत. ते दाखवण्यासारखे करता येतील का? आणि पुन्हा पाणी आलं तर काय करायचं?

सांगलीहून सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कितीतरी घरांतले अल्बम त्यात गेले.

आधी, पाणी नुकतंच ओसरलं असेल तर. ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका, वाळले की सुटत नाहीत. स्वच्छ थंड पाण्याच्या पसरट भांड्यात ठेवून हळूच वेगळे करा, चिखल पाण्यानेच वाहू द्या, चित्राच्या बाजूला बोट लावू नका. मग टिपकागदावर किंवा जुन्या सुती कापडावर तोंड वर करून सावलीत वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको, छापील वर्तमानपत्र तर नकोच, शाई उतरते. सगळे एका दिवसात होणार नसतील तर मध्ये मेणकागद घालून, पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीने थोडे थोडे काढा. फोटोंनी पाण्यात दोन दिवसांपेक्षा जास्त राहू नये.

अपवाद लक्षात ठेवा. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या फोटोचा रंग पाण्यात विरघळतो, तो बुडवू नका. काचेवरच्या जुन्या निगेटिव्ह गोठवू नका, तडकतात. आजोबा-पणजोबांच्या काळातले पिवळट तपकिरी फोटो घरी धुवू नका, तज्ज्ञाकडे द्या.

आता जे तेव्हाच वाळून चिकटलेत त्यांचं. चौकटीच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेसकट स्कॅन करा किंवा बाजूने उजेड घेऊन काचेतूनच फोटो काढा. प्रदर्शनात द्यायचं तर त्या स्कॅनवरचे डाग पुसू नका. पाण्याची रेघ कुठवर आली होती ते त्यावर दिसतं, आणि पाटीवर गल्लीचं नाव आणि साल लिहिलं की तो फोटो सांगलीच्या पुराची नोंद म्हणूनही ठेवता येतो. मूळ फोटो टाकून देऊ नका. आम्लविरहित कागदात गुंडाळून माळ्याऐवजी कोरड्या, हवेशीर कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा.